सव्वीस गुंठे गवत

गेल्या मार्चमध्ये मी लागोपाठ तीन शनिवार एकाच दुकानात गेलो, एकाच यंत्रावर बसलो आणि काहीही विकत न घेता घरी आलो. चौथ्या शनिवारी बायको म्हणाली, "आज मीही येते."

इथे ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला, मार्चमध्ये अजून अंगात जाकीट असतं आणि पार्किंगच्या कोपऱ्यांत बर्फाचे काळे पडलेले ढिगारे असतात. पण हार्डवेअरची मोठी दुकानं तोवर दाराबाहेर मॉवरची रांग लावून मोकळी झालेली असतात, आपल्याकडे गणपतीच्या महिनाभर आधी मूर्तींचे मांडव पडतात तशी. पुढे दिवे असलेले, ट्रॅक्टरसारखे दिसणारे मोठे मॉवर दाराजवळ. रांगेच्या शेवटी, खताच्या पोत्यांच्या आड, सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त, तीस इंची. तीस इंच म्हणजे एका फेरीत तो जेवढा पट्टा कापतो तेवढी रुंदी. एकच पातं, एका सिलिंडरचं इंजिन, तेही मागे. किंमत टॅक्स धरून दोन हजार डॉलरच्या थोडी वर. त्यावर बसलं की गुडघे वर येतात आणि जत्रेत लहान मुलांच्या पाळण्यात थोराड माणूस बसवल्यासारखं दिसतं. मी इकडेतिकडे बघून बसायचो.

आता हे यंत्र मला कशासाठी हवं होतं, ते सांगतो. आमचा प्लॉट पाऊण एकराहून थोडा मोठा आहे. अमेरिकेत तीस वर्षं झाली तरी एकराचा गुंठा केल्याशिवाय मला जमीन कळत नाही. तेहतीस फूट बाय तेहतीस फूट म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आमचे बत्तीस गुंठे. त्यातलं घर, डेक आणि ड्राइव्हवे सोडला तर सव्वीस गुंठे नुसतं गवत. ते मी २००१ पासून मागून चालत जायच्या मॉवरनं कापतोय. एकवीस इंची पट्टा, त्यातले दोन-तीन इंच आधीच्या फेरीवर चढवावे लागतात, नाहीतर मधे शेंडी राहते. हिशेब केला तर एका कापणीला पावणेसहा किलोमीटर चाल पडते. एप्रिल ते नोव्हेंबरची सुरुवात, साधारण तीस कापण्या. म्हणजे दर वर्षी मी पुण्याहून मुंबईला चालत जातो आणि वर थोडं उरतं. सगळं घराच्या मागेपुढेच.

मला ते आवडायचं. दोन तास कुणी बोलत नाही, फोन ऐकू येत नाही, आणि मागे वळून बघितलं की काम झालेलं दिसतं. माझ्या नोकरीत मागे वळून बघितलं तर काही दिसत नाही.

मग गेल्या ऑगस्टमध्ये मागच्या उतारावर मी मधेच खाली बसलो. बसलो म्हणजे बसावं लागलं. छातीत वगैरे काही दुखत नव्हतं, जबडा दुखत होता. मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो. तिनं दात बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हा कधी दुखतो?" मी म्हटलं, "मॉवर ढकलताना." तिनं हातमोजे काढले आणि सरळ कार्डिऑलॉजिस्टकडे पाठवलं. ऑक्टोबरमध्ये स्टेंट पडला. डॉक्टर म्हणाले, चालणं उत्तम आहे, रोज चाला. पण जुलैच्या उन्हात चढावर यंत्र ढकलणं म्हणजे चालणं नव्हे.

बायकोनं मला नंतर सांगितलं की ती इतकी वर्षं गवत कापण्याचा आवाज ऐकत स्वयंपाक करायची. मॉवरच्या हँडलला एक आडवी दांडी असते. ती दाबून धरली तरच इंजिन चालतं, हात सुटला की तीन सेकंदांच्या आत पातं थांबतं. तसा कायदाच आहे इथे. त्यामुळे आवाज थांबला की ती खिडकीशी यायची. मी पाणी प्यायला थांबलोय, की गवताचा गोळा काढतोय, एवढं बघून परत जायची. ऑगस्टमध्ये आवाज थांबला तेव्हा ती खिडकीशी आली आणि मी दिसलो नाही. उताराचा खालचा भाग खिडकीतून दिसत नाही. ती अनवाणी धावत आली होती, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

हिवाळ्यात आम्ही हिशेब मांडला. ती हिशेबाची माणूस आहे, एक्सेल उघडल्याशिवाय तिला सुचत नाही. पहिला पर्याय, गवत कापणारी माणसं लावायची. पिकअपमागे ट्रेलर लावून दोघं येतात, उभ्यानं चालवायची मोठी यंत्रं उतरवतात आणि पंधरा मिनिटांत सगळं उरकून जातात. एका वेळचे साठ डॉलर. वर्षाला अठ्ठावीस वेळा धरलं तरी सोळाशे ऐंशी. दुसरा पर्याय, बेचाळीस इंची मोठा मॉवर. पण आमच्या कुंपणाचं फाटक छत्तीस इंची आहे आणि गॅरेजमध्ये दोन गाड्यांच्या मधे तो मावणार नाही. तिसरा, बॅटरीवरचा छोटा. शांत, पण हजार डॉलरनं महाग. चौथा, हा खताच्या पोत्यांआडचा.

स्वस्त यंत्रात पैसे कुठे वाचवलेत ते शोधायला मी एक अख्खा जानेवारी घातला. पुढच्या चाकांत बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकचे बुश असतात, ते झिजतात, म्हणजे वेळच्या वेळी ग्रीस द्यायचं. गिअर हातानं टाकायचा आणि प्रत्येक वेळी पूर्ण थांबून टाकायचा. पायाच्या पेडलवर वेग कमीजास्त होण्याचं सुख महागड्यांना. ओलं गवत कापलं तर खालचं पत्र्याचं झाकण चोंदतं. हिवाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवायचं तर स्टॅबिलायझर घालायचा, नाहीतर त्यातल्या इथेनॉलमुळे कार्ब्युरेटर धरून बसतो. यातलं काहीही मला भयंकर वाटलं नाही. आमच्या गावच्या ऑइल इंजिनाला सकाळी सुरू होण्यासाठी यापेक्षा जास्त मनधरणी लागायची.

एक्सेलमध्ये हे यंत्र सव्वा वर्षात पैसे फेडत होतं. पण तिनं एक रकाना रिकामा ठेवला होता: किती वर्षं. यंत्र दहा वर्षं टिकेल. आम्ही या घरात दहा वर्षं आहोत का? मुलगा सिॲटलला. तो दर रविवारी फोनवर तेच सांगतो, घर विका, टाउनहाउस घ्या, गवत कापायला असोसिएशनचा माणूस येतो. तो चुकीचं सांगत नाही. तो रकाना भरायचा म्हणजे स्टेंटला किती वर्षं द्यायची ते लिहायचं. महिनाभर दोघांपैकी कुणी त्याला हात लावला नाही.

इथे अण्णांचं सांगायला हवं, कारण तो उतार अण्णांचा आहे.

आमचं गाव माणदेशात, साताऱ्याच्या दुष्काळी बाजूला. २००४ मध्ये, आई गेल्यानंतर, अण्णा तीन महिने आमच्याकडे आले. मे महिना होता. ओहायोत मे महिन्यात गवत रात्रीत वाढतं, आठवड्यातून दोनदा कापलं तरी पुरत नाही. तेव्हा मी मॉवरला पिशवी लावायचो आणि कापलेलं गवत कागदी थैल्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवायचो. पहिल्या शनिवारी अशा नऊ थैल्या झाल्या. अण्णा एकेका थैलीशी जाऊन बसले. आत हात घातला, मूठभर गवत काढून हुंगलं.

"ह्ये कुणाला घालायचं?"

मी म्हटलं, कुणाला नाही. सोमवारी ट्रक येतो, घेऊन जातो. त्याचं खत करतात.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ते पावलं टाकत कुंपणाच्या कडेनं चालले होते. घराभोवती पूर्ण फेरी मारून आले आणि म्हणाले, "बत्तीस गुंठं." ड्राइव्हवेसुद्धा धरलेला. कागदावर बघितलं तर बरोबर बत्तीस.

१९७२ च्या दुष्काळात मी सहा वर्षांचा होतो. मला आठवते ती रिकामी गव्हाण आणि खुंट्याला अडकवून ठेवलेली दावी. खिलार बैलांची जोड होती आमची. वैरण संपली, कडब्याचा भाव परवडेनासा झाला, तेव्हा अण्णांनी जोड म्हसवडच्या बाजारात नेली आणि एकटे चालत परत आले. किती आले ते कधी कुणाला सांगितलं नाही. माणसांना निदान रोजगाराची कामं होती, सुकडी होती, लाल मिलो होता. मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण पोट भरायचं. तो मिलो अमेरिकेतून येत होता, हे मला फार पुढे कळलं. अण्णांना ते ठाऊक होतं. एका संध्याकाळी डेकवर चहा पिताना, समोरच्या सगळ्या घरांपुढची हिरवळ बघत ते म्हणाले, "तवा ह्यांनी आपल्याला मिलो धाडला. गवत बी धाडायचं हुतं."

पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, नासाच्या एम्स केंद्रातल्या क्रिस्टिना मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एकूण हिरवळ किती याचा उपग्रहाच्या मदतीनं अंदाज काढला. सुमारे एक लाख चौसष्ट हजार चौरस किलोमीटर. म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून जास्त. त्यात गोल्फची मैदानं आणि बागा आल्या, पण बरंचसं घरांपुढचं. फोनवर अण्णांना सांगावंसं वाटलं होतं, सांगितलं नाही.

दुसरी एक गोष्ट मात्र सांगितली होती आणि ती त्यांना फार आवडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. गवत कापायची माणसं वाचली आणि लोकर लिलावात विकून पैसे रेडक्रॉसला दिले. आमचा मुलूख मेंढपाळांचा. अण्णा म्हणाले, "ह्यो मानूस शाना हुता," आणि पुढचे दोन दिवस, आमच्या सव्वीस गुंठ्यांवर किती मेंढरं बसतील याचा हिशेब करत राहिले.

आठवडाभरानं त्यांनी विळा मागितला. हार्डवेअरच्या दुकानात विळ्याचा एक लांबचा भाऊ मिळाला, मूठ लांब, पातं पातळ. अण्णांनी त्याला मागच्या पायरीच्या दगडावर धार लावली आणि मला बजावलं की उताराला मॉवर लावायचा नाही. तीन आठवडे तिथलं गवत वाढू दिलं. मग धोतराचा सोगा खोचून, उकिडवे बसून, बाहत्तराव्या वर्षी त्यांनी उतार कापायला घेतला. कापायचे, मुठी जुळवायचे, गवताच्याच आळ्यानं पेंढी बांधायचे. शेजारचे निवृत्त गृहस्थ काही वेळ कुंपणापलीकडून बघत राहिले. शेवटी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तुझा मॉवर बिघडलाय का? माझा घेऊन जा ना."

ऑगस्टमध्ये अण्णा परत गेले तेव्हा कुंपणाशी पेंढ्यांची एक लहानशी गंजी उभी होती, वरून व्यवस्थित उतरती केलेली. तिचं काय करायचं ते मला कळेना, म्हणून तशीच ठेवली. जानेवारीत फूटभर बर्फ पडलं आणि एका सकाळी मागच्या झाडीतून हरणं आली. आठवड्यात गंजी फस्त. मी गावाला फोन लावला. अण्णांनी एकच विचारलं, "किती हुती?" मी म्हटलं, पाच. "मग झालं," म्हणाले.

त्यानंतर मी थैल्या भरणं बंद केलं. कापलेलं बारीक गवत जागेवरच पडू देतो, त्याचं नत्र मातीला मिळतं. अण्णा २०१३ मध्ये गेले. विळा गॅरेजमध्ये खिळ्याला आहे.

आता त्या उताराचं. या यंत्रांच्या माहितीपुस्तकात एक पान असतं, त्यावर तिरकी तुटक रेघ छापलेली असते. पान रेघेवर दुमडायचं, कुंपणाचा खांब किंवा झाड यांच्याशी कड जुळवायची आणि दुमडलेली बाजू उताराशी ताडून बघायची. रेघ पंधरा अंशांची. जमीन त्याहून तिरपी असेल तर यंत्र तिथे न्यायचं नाही, उलटतं. मी इंटरनेटवरून ते पान छापून घेतलं आणि फेब्रुवारीतल्या एका कोरड्या दुपारी खाली जाऊन उभा राहिलो. उतार जास्त निघाला. फोनमधल्या लेव्हलनं बघितलं, सतरा अंश. दोन अंशांत काय होतंय, असं मनात आलंच. पण चालवायचे नियमही उलटे आहेत. मागून चालायचा मॉवर उतारावर आडवा न्यायचा, म्हणजे पाय घसरला तर तो अंगावर येत नाही. बसून चालवायचा उभा न्यायचा, म्हणजे तो कुशीवर पडत नाही. तेवीस वर्षं आडवं चालत आलेल्या माणसानं साठीला टेकल्यावर, सतरा अंशांत, हे उलटं शिकायचं.

म्हणजे दोन हजार डॉलर देऊनही, ज्या जागेमुळे यंत्र घ्यायची वेळ आली तीच जागा त्याला कापता येणार नव्हती. तीन शनिवार मी त्या सीटवर बसून हाच विचार करत होतो. विक्रेत्या मुलाला वाटत असणार की माझ्याकडे पैसे नाहीत.

चौथ्या शनिवारी बायकोनं यंत्राभोवती एक फेरी मारली. किंमत विचारली नाही, इंजिनाबद्दल विचारलं नाही. मुलगा कॉलेजातला असेल, गालावर पुटकुळ्या. त्यानं त्याचं नेहमीचं म्हणायला सुरुवात केली, दहा-साडेदहा हॉर्सपॉवर, वळायला अठरा इंच जागा पुरते. तिनं त्याला थांबवलं.

"चालवताना हे खाली पडले तर?"

मुलगा गोंधळला, मग सावरला. सीटखाली स्विच असतो, म्हणाला. पातं चालू असताना माणूस सीटवरून उठला की इंजिन आपोआप बंद. त्यानं सीट वर करून तो स्विच दाखवला. तिनं तो अंगठ्यानं दाबून बघितला, सोडला, परत दाबला.

"आणि पडले नाहीत तर? तसेच बसून राहिले तर?"

मुलगा गप्प झाला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मॅनेजरला बोलावतो म्हणाला असता तरी चाललं असतं. पण त्यानं खरंच विचार केला असावा.

"मग तो चालत राहील, मॅम," तो म्हणाला. "कुंपणापर्यंत."

आणि बायको हसायला लागली. ऑक्टोबरनंतर मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत हसत होती, मुलगा घाबरून सॉरी म्हणत होता आणि मी त्या बुटक्या यंत्रावर गुडघे वर करून बसलो होतो.

गाडीत बसल्यावर तिनं फोनवर एक्सेल उघडलं आणि रिकाम्या रकान्यात चार लिहिलं. मी म्हटलं, चारच का? ती म्हणाली, "चारनं भागलं तर वर्षाचे पाचशे पडतात. परवडतं. चार वर्षांनी परत बसू." मग जरा वेळानं म्हणाली, "उताराला हात लावायचा नाही. वाढू दे." तो रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे गवत वाढल्याबद्दल नोटीस यायची भीतीही कमी. आम्ही गाडी वळवून परत आत गेलो.

एप्रिलपासून यंत्र चालवतोय. सव्वीसातले तीन गुंठे उताराचे सोडले तर बाकीचं पाऊण तासात होतं. आवाज आधीच्यापेक्षा मोठा आहे, तिला खिडकी बंद असली तरी ऐकू येतो. पुढच्या चाकांना दोनदा ग्रीस दिलं. जूनमध्ये घाईनं ओलं गवत कापलं आणि चोंदलं, ते माझ्या चुकीनं. वाचलेल्या वेळात रोज संध्याकाळी आम्ही दोघं चालायला जातो. तिची चाल माझ्यापेक्षा भराभर आहे, हे लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर कळलं.

उतारावर गवत कमरेपर्यंत आलं. ऑगस्टअखेर त्यात गोल्डनरॉडची पिवळी फुलं आली, आम्ही पेरली नव्हती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी खिळ्यावरून विळा काढला. पायरीच्या दगडावर धार लावत होतो तर ती दारात येऊन उभी राहिली. किती ते तिनंच ठरवलं. "पाच पेंढ्या. मोजून. आणि वरच्या अंगाला, मला दिसशील असा."

मी वरच्या अंगाला गेलो आणि अण्णांसारखं उकिडवं बसायला गेलो. बसता येईना. गुडघे अर्ध्यावरच थांबले. थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिलो, मग गॅरेजमध्ये जाऊन पेंटची रिकामी बादली आणली, उतारावर नीट टेकेल अशी जागा बघून पालथी घातली आणि तिच्यावर बसून पहिली मूठ धरली.